फळ्यावरचं एक खोटं वाक्य

मी छत्तीस वर्षं बनारसच्या एका इंटर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की फ्रेझल व्हर्ब यायचे आणि मुलांचे चेहरे पडायचे. गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर, मग गिव्ह अप म्हणजे सोडून देणं कसं, असं ती विचारायची. प्रश्न रास्तच असायचा. म्हणून मी सुरुवात अशा शब्दापासून करायचो ज्याचा अर्थ प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी घडून गेलेला असतो. पहिला नंबर ‘सी ऑफ’चा. तो फळ्यावर लिहायचो, खाली हिंदीत अर्थ द्यायचो: किसी को विदा करने जाना. त्याच्या खाली उदाहरण. दर वर्षी तेच, एकही शब्द न बदलता. आपल्या भाषेत सांगायचं तर ते असं होतं: मी माझ्या ताईला सी ऑफ करायला स्टेशनवर गेलो.

मग समजावून सांगायचो. नुसतं ‘बरं, या’ म्हणणं म्हणजे सी ऑफ नव्हे. माणूस जिथून निघणार तिथवर जायचं, स्टेशनवर, बस अड्ड्यावर, आणि तो निघेपर्यंत थांबायचं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “सर, स्टेशन गए, मगर भीड़ में भेंटै नहीं हुई, तब?”

मी म्हटलं, “तब नहीं. ज्याला सोडायला गेलास त्याला तू दिसायला हवास. नाहीतर तू नुसती गाडी पाहून आलास.”

वर्ग हसला. मी फळा पुसायला वळलो, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिलो.

ते वाक्य खोटं होतं. माझं वय आता सत्त्याहत्तर. ज्या वह्यांमध्ये ते उतरलं त्या केव्हाच रद्दीत गेल्या असतील. वाक्यातली ताई मात्र आहे, आणि या माघात ती काशीला येऊन गेली. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. वडील तीर्थपुरोहित होते. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू आमच्याकडे उतरायचे, त्यांची श्राद्धं वडील करायचे, आणि निघण्यापूर्वी ते लोक आमच्या जाड लाल वह्यांमध्ये आपल्या कुळातली नावं स्वतःच्या हाताने लिहून जायचे. तीस-चाळीस वर्षांनी त्या घरातलं कुणी आलं की वडील नेमकी वही काढून त्यांच्या आजोबाची सही दाखवायचे. धट्टीकट्टी माणसं त्या सहीवर हात ठेवून रडताना मी पाहिली आहेत. वडील म्हणायचे, “आपल्या घरात दुसरं काही नसेल, पण कागदावर आहे ते खरं आहे.”

यजमानांना आणायला ते रोज कँट स्टेशनवर जायचे. पण परत निघालेल्या कुणालाही सोडायला ते कधी गेले नाहीत. निरोप गल्लीच्या तोंडाशी, हातावर दही घालून. “आणायला जावं, सोडायला जाऊ नये. स्टेशनवर सोडलेला माणूस काशीला परत येत नाही,” असं ते सांगत. ही समजूत मी दुसऱ्या कुठल्याही पुरोहिताच्या घरी पाहिलेली नाही. मला वाटतं, एक यजमान निघायचा तेव्हा दुसऱ्याची गाडी यायची वेळ झालेली असायची, आणि त्या धावपळीचाच पुढे नियम झाला. पण आमच्या घरात तो नियम होता आणि आम्ही तो पाळायचो.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ताई बारा. तेव्हापासून घर तिने सांभाळलं. सकाळी यजमानांचा स्वयंपाक, मग शाळा, परत येऊन भांडी. तरी ती इंटर, म्हणजे बारावी, झाली, आणि इंग्रजी तिचं पक्कं होतं. मला तिनेच शिकवलं, गच्चीवर. उन्हाळ्यात ती कुरडया घालायची आणि मी समोर बसून क्रियापदं म्हणायचो. चुकलं की चिकाने भरलेल्या हातानेच पाठीत धपाटा. शर्टावर पांढरी पाच बोटं घेऊन मी गल्लीत खेळायला उतरलो की पोरं ओरडायची, “का गुरू, आज कवन टेंस रहल?”

तिचं लग्न सागरला ठरलं. तिकडे मध्य प्रदेशात आपले मराठी लोक पुष्कळ. मुलगा मॅट्रिक, कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब. मध्यस्थाने विचारलं, मुलगी किती शिकली? वडील म्हणाले, “आठवी.” मी तिथेच, चहाचे कप घेऊन उभा होतो. नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेली मुलगी म्हटलं की पत्रिका परत येते, असं त्याआधी तीनदा झालं होतं. चौथ्यांदा वडिलांना ते नको होतं. त्यांनी ताईचं इंटरचं सर्टिफिकेट त्या लाल वह्यांच्या खाली, पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने वऱ्हाड परत निघणार होतं. सकाळी ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“बाबू, माझं सर्टिफिकेट पेटीत आहे. ते घेऊन स्टेशनवर ये.”

“स्टेशनवर? सगळ्यांसमोर?”

“सर्टिफिकेट हातात धरून मिरवत येऊ नकोस, येड्या. लाह्यांच्या पुड्यात घाल. बहिणीसाठी लाह्या आणल्या म्हण. मी तिकडे मास्तरणीचं ट्रेनिंग करणार आहे. ह्यांना सांगेन माझ्या वेळेने.”

“पेटीची किल्ली बाबांच्या कनवटीला असते.”

“आम्ही गल्लीबाहेर पडलो की बाबा घाटावर स्नानाला जातील. किल्ली खुंटीवर. सगळा हिशेब केलाय मी.”

“पण आपल्याकडे सोडायला जायचं नसतं...”

“म्हणून तर कुणाला संशय यायचा नाही. धाकटा भाऊ आहे, राहवलं नाही, आला धावत, म्हणतील.” मग माझ्याकडे बघून हसली. “थोडं रडूनही दाखव. तेवढं येईल ना?”

तिने सांगितलं तसंच झालं. गल्लीच्या तोंडाशी दही दिलं गेलं, टांगे निघाले, वडील स्नानाला गेले. मी पेटी उघडली, सर्टिफिकेट लाह्यांच्या पुड्यात घातलं आणि शेजाऱ्यांची सायकल घेऊन कँटला पोचलो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो की उशीर झाला होता. उशीर झाला नव्हता.

पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जायला पूल चढावा लागायचा. पुलाच्या मध्यावर आलो आणि खाली ताई दिसली. हिरवा शालू, खिडकीशी बसलेली, गजांना गाल टेकवलेला. ती सारखी फाटकाकडे बघत होती. वर बघायचं तिला सुचलं नाही. तिचे सासरे सामान मोजत होते, मेहुणे नळावर सुरई भरत होते.

मी तिथे थांबलो आणि पुडा उघडला. आत लाह्या चिकटल्या होत्या त्या झटकून ते सर्टिफिकेट मी वाचलं. पहिला वर्ग. इंग्रजीत विशेष योग्यता. तिच्या लग्नाच्याच वर्षी मी इंटरला बसलो होतो आणि इंग्रजीतच नापास झालो होतो. ते अजून घरात नीट कुणाला सांगितलंही नव्हतं, फक्त तिला माहीत होतं. तिने शिकवलेलं होतं आणि मी पडलो होतो.

वडील सासरच्या लोकांसमोर खोटे पडतील म्हणून मी थबकलो, असं मी माझ्या बायकोला एकदा सांगितलं होतं. ते सांगायला बरं वाटतं. खरं एवढंच आहे की ते सर्टिफिकेट हातात धरून मला तिचा राग आला. ही जाईल, तिकडेही पहिली येईल, बाई होईल, आणि मी इथे पुन्हा त्याच बाकावर. एवढा क्षुद्र विचार होता, आणि तो घेऊन मी ती वीस मिनिटं तिथेच उभा राहिलो. आणखी दोन-चार मिनिटांत तो ओसरलाही असता. पण शिट्टी झाली. ताई उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी गज धरले आणि फाटकाकडे बघत राहिली. गाडी पुलाखालून गेली. इंजिनाचा धूर माझ्या अंगावरून गेला, आणि मी लाह्यांचा उघडा पुडा आणि ते सर्टिफिकेट हातात धरून उभा होतो.

तीन महिन्यांनी पत्र आलं. ‘बाबू, त्या दिवशी काय झालं? बाबांनी पकडलं का? कागद जमेल तेव्हा रजिस्टरने पाठव.’ मी उत्तर दिलं की पेटीत सापडला नाही. सर्टिफिकेट तेव्हा माझ्या ॲटलासमध्ये होतं. मग दुसरं पत्र. त्यात लिहिलं होतं की तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि तो रागावला तर नाहीच, उलट हसला. ‘हे म्हणाले, आठवी काय नि इंटर काय, आमटी तीच लागते. कागद आणवा, फॉर्म मी भरतो.’ हरवला असेल तर दुसरी प्रत मिळते असंही त्यांनी चौकशी करून कळवलं होतं, फक्त अर्ज इथल्या शाळेतून व्हायला हवा होता. मी लिहिलं, चौकशी करतो. कसली चौकशी? प्रत कशाला काढायची, मूळ कागद तर माझ्याकडेच होता. सापडला म्हणून पाठवला असता तरी चाललं असतं. पण एक खोटं बोलून झालं होतं आणि ते मागे घ्यायला तोंड उघडावं लागलं असतं. मी तोंड उघडलं नाही. ताईने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी पास झालो. मग बीए, मग एमए. नोकरी लागली. पहिल्याच वर्षी सी ऑफ शिकवताना एका मुलाने म्हटलं, सर, उदाहरण द्या. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. मीच दचकलो. पण मुलांनी ते उतरवून घेतलं, आणि उतरवून घेतलेलं वाक्य खरं वाटू लागतं. हळूहळू मी त्यात भर घालत गेलो. ताईसाठी अमरूद, आपले पेरू, नेले होते. तिने खिडकीतून हात हलवला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी रुमाल हलवत राहिलो. वडिलांच्या त्या लाल वह्यांमध्ये मी लहानपणी कितीदा तरी बोट ठेवून खऱ्या सह्या वाचल्या होत्या. माझी वही ही अशी निघाली.

ताई सागरला एका शाळेत लागली, पण बाई म्हणून नाही. बालवर्गातल्या मुलांना घरून आणायचं, त्यांची नाकं पुसायची, घंटा द्यायची. मुलं तिला मावशी म्हणायची. पंचवीस वर्षं ती मावशी होती. मी सागरला जायचो तेव्हा हे बघायचो. एकदा तिथल्या इंग्रजीच्या बाई शाळेबाहेर तिला म्हणाल्या, “मावशी, वो बच्चे का बस्ता देखिए ज़रा.” ताई वाकली आणि दप्तर उचललं. मी रस्त्यापलीकडे पान खायला निघून गेलो.

दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले. त्यांचं काशीचं राहिलेलं कार्य करायला ती या माघात आली, लेकीला घेऊन. माझी ही भाची भोपाळला बँकेत आहे, मराठी समजतं सगळं पण बोलते हिंदीत. दोघी दहा दिवस आमच्याकडे राहिल्या. माझा चुलतभाऊ पौरोहित्य करतो, त्याने सगळं नीट करवलं. ताईला आता घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. वरूनच गंगेला हात जोडले, समोर रामनगरकडे ऊन पडलेलं बघितलं आणि म्हणाली, “चल, गुडघे ऐकत नाहीत.”

पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही गच्चीवर उन्हात बसलो होतो. माझ्या सुनेने चुडा-मटर, म्हणजे मटारपोहे, करायचे म्हणून परातभर मटारच्या शेंगा आणून ठेवल्या होत्या, त्या आम्ही तिघं सोलत होतो. ताई सोलायची कमी आणि खायची जास्त.

“अरे, तुला सांगायचं राहिलंच,” ती म्हणाली. “तुझा एक विद्यार्थी भेटला सागरला. बँकेत साहेब होऊन आला होता. बनारसचा म्हटल्यावर मी विचारलं, तर निघाला तुझाच. म्हणाला, ‘माताजी, आप ही वो ताई हैं? सर तो हर साल बताते थे. अमरूद लेके स्टेशन गए थे, आपने खिड़की से हाथ हिलाया था.’”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मी म्हटलं, हो, आला होता की. अमरूद गोड होते म्हटलं. दोन वाटेतच खाल्ले.”

भाची हसायला लागली. “मम्मी, आप तो कहती थीं मामा आए ही नहीं थे.”

“ते मी तुला सांगते, घरात. परक्या माणसासमोर तुझ्या मामाला तोंडघशी पाडू? छत्तीस वर्षं पोरांपुढे उभा राहिलाय तो.” आणि माझ्याकडे वळून, “बरं, रुमाल कुठल्या रंगाचा होता? त्याने विचारलं असतं तर काय सांगणार होते मी?”

ती थट्टा करत होती. माझ्या न येण्याचं तिला काही वाटत नसावं असं नाही, पण इतक्या वर्षांत तिने त्याचं एक कारण ठरवून टाकलं होतं, बाबांनी पकडलं असेल, आणि त्या कारणाशी तिचं बरं चाललं होतं. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच चाललं असतं. पण जिने माझं खोटं परक्यासमोर झाकलं, तिला त्यावर आणखी एक खोटं मला देववेना.

मी सांगितलं. किल्ली मिळाली होती. सायकल मिळाली होती. वीस मिनिटं हातात होती. मी पुलावर होतो आणि तू खिडकीत दिसत होतीस. सर्टिफिकेट वाचलं आणि मला तुझा हेवा वाटला. ते अजून माझ्याकडे आहे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

भाची उठून खाली गेली. शहाणी आहे.

ताईने मांडीवरची टरफलं परातीत टाकली. मग म्हणाली, “इतक्या जवळ होतास?”

मी मान हलवली.

“मी म्हणत होते गल्लीतच अडकला असेल. तू तर डोक्यावर होतास.”

“ताई, मी...”

“थांब जरा.” तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. “मला बाई म्हणवून घ्यायचं होतं रे. कुणी एकदा म्हटलं असतं, बाई, इकडे या. एवढंच.”

फोल्डर आणायला मी उठलो तर तिने हाताने थांबवलं.

“इथे नको. स्टेशनवर आणायचं ठरलं होतं ना? तर स्टेशनवर आण.”

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी थेट बोलली नाही. बोलायची ते भाचीमार्फत. मी समोर बसलेला असताना म्हणायची, “मामाला सांग, चहा निवतोय.” भाची गंभीर चेहऱ्याने म्हणायची, “मामा, चाय ठंडी हो रही है.” मी म्हणायचो, “मम्मीला सांग, पितो.” तिसऱ्या दिवशी मी औषधाची गोळी घ्यायला विसरलो तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. “अरे, गोळी! का मला सुतकात अडकवून जाऊ देणार नाहीस?” एवढं बोलली आणि पुन्हा गप्प.

निघायचा दिवस आला. दुपारचीच गाडी. सुनेने गल्लीच्या तोंडाशी दह्याची वाटी आणली, ताईच्या हातावर दही घातलं. टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, उभा होता, सामान चढलं. माझ्या हातात काठी आणि काखेत फोल्डर. पाय पुढे पडेना. कुणाला सोडायला आपल्या घरातलं इथून पुढे कधी कुणी गेलेलं नाही, आणि स्टेशनवर सोडलेला माणूस परत येत नाही. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरी भीती वाटत होती.

ताई टोटोत बसली होती. तिने बाहेर डोकावून पाहिलं. “काय रे? इथूनच परत फिरायचा विचार आहे का आजही?”

मी चढलो.

कँटला आता सरकता जिना आहे. त्यावर चढायला आम्ही दोघंही घाबरलो, म्हणून लिफ्टने गेलो. पुलावरून जाताना ती मध्येच थांबली आणि कठड्यापाशी गेली.

“इथे?”

“थोडं पुढे. तेव्हाचा पूल आणि हा पूल एकच का, तेही मला नक्की सांगता येत नाही.”

तिने खाली वाकून पाहिलं. खाली एक मालगाडी उभी होती. “दिसतं की छान,” ती म्हणाली, आणि चालायला लागली.

प्लॅटफॉर्मवर बाकावर बसल्यावर तिने हात पुढे केला. “दे.”

मी फोल्डर दिलं. तिने सर्टिफिकेट बाहेर काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं. पहिल्यांदा तिचं बोट नावावर थांबलं. लग्नाआधीचं नाव. त्या नावाने तिला हाक मारू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मीही तिला ताईच म्हणतो. तिने ते नाव हळू आवाजात एकदा वाचलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

मग तिची नजर खाली गेली. “बघ गं,” ती लेकीला म्हणाली, “इंग्रजीत विशेष योग्यता. तुझ्या मामाला माझ्यापेक्षा कमी मार्क होते.”

“कमी नाही,” मी म्हटलं. “नापास झालो होतो.”

“मामा! आप? इंग्लिश में?”

“इंग्लिशमध्येच.”

भाची तोंडावर हात ठेवून हसली. ताईही हसली, पण तिचे डोळे भरले होते. मी ते सर्टिफिकेट जवळजवळ साठ वर्षं सांभाळलं होतं. त्याला घडी पडू दिली नव्हती, ऊन लागू दिलं नव्हतं, वाळवी लागू नये म्हणून कापूर ठेवला होता. ताईने त्याची सरळ चार वेळा घडी घातली, चष्म्याच्या डबीत कोंबली आणि डबी पिशवीत टाकली. माझा जीव कळवळला. पण तो कागद तिचा होता.

“माफ केलंस का?” असं मला विचारायचं होतं. तिने ते ओळखलं असावं.

“काही विचारू नकोस,” ती म्हणाली. “सागरला जाऊन बघते. राग येईल तेव्हा फोन करेन, तेव्हा उचल.”

“उचलेन.”

“आणि बाबांचा नियम मोडलास. आता मी काही काशीला परत येत नाही बघ.”

“मग मी सागरला येईन.”

“ये. अमरूद आण.”

गाडी आली. एसीचा डबा. भाचीने सामान लावलं, तिला आत नेलं. दाराशी ताई वळली, माझ्या पाठीवर हात ठेवला, धपाटा घालायची तिथेच, आणि म्हणाली, “येते.” आमच्याकडे जाते म्हणत नाहीत. दार बंद झालं.

आता माझी पंचाईत झाली. वर्गात मी सांगायचो ती खिडकी गजांची असायची, त्यात चेहरा असायचा, हात बाहेर यायचा. इथे काळी काच, आणि प्रत्येक काचेत माझंच प्रतिबिंब. पांढरे केस, मफलर, काठी. तिची खिडकी कुठली ते विचारायचं राहून गेलं होतं. दारापासून तिसरी असावी असा अंदाज करून मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि हात हलवायला लागलो. गाडीने हिसका दिला. रुमाल आणला नव्हता, म्हणून मफलर काढला आणि तो हलवला.

खिशातला फोन वाजला.

“अरे कुणाला करतोयस ते?” ताईचा आवाज. “तिथे एक मिलिटरीवाला बसलाय, तो बिचारा तुला सलाम करतोय. मागे ये. दोन खिडक्या मागे.”

गाडी हलली होती. मागे जायला मला पाऊलही टाकावं लागलं नाही. एक काच माझ्यापुढून गेली, मग दुसरी समोर आली. तिच्यातही मीच दिसत होतो. मी काठी बगलेत धरली, फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने मफलर वर केला. काचेबरोबर जमेल तितकं चालत राहिलो.

“दिसतोस,” ती म्हणाली. “हं, आता दिसतोस. हलव.”